बाबासाहेबांच्या पेट्या आणि आपल्या माळ्यावरील ट्रंका

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)

 

मी इतिहासकार नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून चिकटलो. दिवसभर व्हाऊचर तपासायचे, संध्याकाळी त्यांचा गठ्ठा बांधायचा, त्यावर तारीख टाकायची, हे माझे काम. बहुधा त्यामुळेच कार्यकारिणीने हा विषय माझ्या गळ्यात घातला असावा. अमरावतीतील आपल्या समाजाचे एक वयोवृद्ध, निवृत्त लोकप्रतिनिधी यांच्या घरी त्यांच्या उभ्या कारकिर्दीचे कागद पडून आहेत. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावेत, की आपण सभागृहात काचेच्या कपाटात मांडावेत, की घरीच राहू द्यावेत, असा प्रश्न आहे. घरच्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून त्यांचे नाव मी येथे घेत नाही.

पण त्याआधी बाबासाहेबांच्या पेट्यांबद्दल बोलले पाहिजे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या बंगल्यात त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते, टाचणे आणि पत्रे होती. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे, की जानेवारी १९६७ मध्ये ते घर रिकामे केले गेले तेव्हा बरेच कागद उघड्यावर पडले आणि पावसात भिजले. त्यात काय काय गेले याची यादी आता कोण करणार? जे वाचले ते न्यायालयाच्या आणि पुढे ॲडमिनिस्ट्रेटर जनरलच्या ताब्यात पेट्यांतून बंद राहिले. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी न्यायालयात मागणी केली, की हे लेखन एकतर मला छापू द्या, नाहीतर शासनाने छापावे. तो दावाही वर्षानुवर्षे पडून राहिला.

पुढे महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. १९७८ मध्ये नागपूरचेच वसंत मून विशेष कार्य अधिकारी झाले. १४ एप्रिल १९७९ रोजी इंग्रजी लेखन व भाषणांचा पहिला खंड निघाला. मात्र पेट्या हाती यायला सप्टेंबर १९८१ उजाडला. मून साहेबांनी वारसांच्या गाठी घेतल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे ते जमले. महापरिनिर्वाणानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे! या काळात आपण किती जयंत्या साजऱ्या केल्या, किती मिरवणुका काढल्या, याचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा. मीही त्या मिरवणुकांत नाचलेला माणूस आहे, त्यामुळे बोट कोणाकडे दाखवत नाही.

पेट्या उघडल्या तेव्हा काही प्रकरणे अपुरी होती, काही पाने सुटी होती. संपादकांनी ती जुळवली आणि तसे प्रस्तावनेत प्रामाणिकपणे नोंदवले. चौथ्या खंडात १९८७ साली ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध झाले. त्यावर वादळ उठले आणि जानेवारी १९८८ मध्ये आपल्याच अमरावतीत तो ग्रंथ जाळण्यात आला. ग्रंथ जळाला तरी लेखन शिल्लक राहिले, कारण हस्तलिखित जागेवर होते आणि छापून झाले होते. हीच पाने १९६७ च्या पावसात भिजली असती तर जाळायलासुद्धा कोणाला काही मिळाले नसते.

दुसरे उदाहरण चांगदेव भवानराव खैरमोडे यांचे. बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५२ मध्ये, त्यांनी चरित्राचा पहिला खंड काढला. एकूण बारा खंड झाले, त्यातले काही त्यांच्या निधनानंतर निघाले. त्यांनी जमवलेली कात्रणे, पत्रे, वृत्तपत्रांचे अंक असा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एलिनॉर झेलियट बाईंसारख्या अमेरिकन विदुषीने आपल्या चळवळीवर लिहिले तेव्हा त्या संग्रहाचा आधार घेतला. सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईला जे वाचता आले, ते खैरमोड्यांनी घरातल्या कपाटात ठेवले असते तर त्यांच्या शेजाऱ्यालाही वाचता आले नसते. दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपली, म्हणून ती आज छापील रूपात आपल्या हाती आहेत.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगताना लाज वाटते, पण सांगतो. माझे आजोबा अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचे साधे कार्यकर्ते होते. त्यांची टिनाची पेटी माळ्यावर होती. पावत्या, हँडबिले, भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या वेळची नावांची वही, असे काय काय त्यात होते. मी कॉलेजात असताना दिवाळीची साफसफाई निघाली. आजी म्हणाली, “तुह्या आजाचे कागद हायेत ते, इकू नको बाप्पा.” मी ऐकले नाही. रद्दीवाल्याच्या तराजूत ते मी माझ्या हाताने ठेवले. पेटी तेवढी ठेवली, कारण ती कामाची वाटली! बी. ए.ला इतिहास विषय घेतलेल्या मुलाने हे केले.

म्हणून या वर्षी त्या वयोवृद्ध पुढाऱ्यांच्या घरच्यांनी बोलावले तेव्हा मी लगेच गेलो. सहा रविवार आम्ही तिघे बसलो. पत्रे, निवेदने, विधिमंडळातील भाषणांची टाचणे, निवडणूक खर्चाचे हिशेब, कोणाच्या बदलीचा, कोणाच्या घरकुलाचा अर्ज. कसर लागलेली, टाचण्या गंजून कागदाला भोके पडलेली. आम्ही टाचण्या काढल्या, पण क्रम हलवला नाही. बँकेतही गठ्ठा फोडला की व्हाऊचरचा अर्थ निम्मा जातो. एखादे पत्र कोणत्या फायलीत, कशाच्या पाठीमागे होते, यावरूनच ते कशासाठी आले हे कळते.

चौथ्या रविवारी अडचण आली. पक्ष फुटला त्या काळातील पत्रे निघाली. कोण कोणाला काय म्हणाले, कोणी कोणाकडे निरोप पाठवला, सगळे त्यात आहे. सूनबाई मला म्हणाल्या, “भाऊ, बाबांची बदनामी तर नाही ना होणार? एवढी पत्रे जाळून टाकू.” मी त्यांना दोष देत नाही. आपल्याच कार्यकारिणीतील दोघातिघांनीही मला बाजूला घेऊन हेच सुचवले.

माझे मत वेगळे आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद झाली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. पुढे १९३२ मध्ये याच अमरावतीचे ग. आ. गवई हे राजा-मुंजे कराराच्या, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले आणि बाबासाहेबांच्या विरोधात गेले. गवईंनी तसे का केले? त्यांना चुकीचे म्हणणे मला सोपे आहे, मी म्हणतोही. पण का, हे समजायला त्यांचेही कागद लागतात. एकाच बाजूची फाईल पाहून आम्ही बँकेत कर्जसुद्धा मंजूर करत नाही.

शिवाय जाळण्याची गरजच नाही. संग्रह देताना ग्रंथालयाशी करार करता येतो, की अमुक पाकिटे पंचवीस किंवा तीस वर्षे सीलबंद राहतील. संग्रह दिला म्हणून लेखनाचा हक्क आपोआप जात नाही, तो कायद्याने वारसांकडे राहतो. प्रत्येक कागदाची यादी दोन प्रतींत करून एक घरी ठेवायची. स्कॅन करून घ्यायचे, पण स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकायचा नाही. काचेच्या कपाटाबद्दल म्हणाल तर चष्मा, पेन, काठी तेथे जरूर ठेवा. पत्रांना मात्र उजेड सोसत नाही, आणि काचेआडचे पत्र एकाच बाजूने दिसते.

ग्रंथालयातही धूळ असते, कर्मचारी कमी असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून ताबा देताना यादीवर सही-शिक्का घ्यावा आणि आपल्या मंडळाच्या दोघांनी दर वर्षी जाऊन पेट्या मोजाव्यात, अशी माझी सूचना आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी आणला आहे. सूनबाई आज येथे बसल्या आहेत. त्यांनी तो घरी नेऊन वाचावा, घाई नाही.

अकोल्याच्या बांधवांना एक विनंती. आपल्या माळ्यावर ट्रंक असेल तर साफ करू नका, क्रम लावू नका, फक्त कळवा. सुटीच्या दिवशी मी वही आणि पेन्सिल घेऊन येईन. माझ्या घरची नोंद मी आधीच केली आहे. आजोबांच्या रिकाम्या पेटीच्या तळाला अंथरलेल्या कागदाखाली, गेल्या महिन्यात, फेडरेशनच्या वर्गणीची चार आण्यांची एक पावती चिकटलेली सापडली. वहीत ती क्रमांक एकला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!