यंत्राचे बोट



यंत्रमानवास स्पर्शज्ञान कसे द्यावे, या प्रश्नावर आम्ही गेली चार वर्षे पीएच. डी.साठी काम करीत आहोत. घरची मंडळी विचारतात, "कारखान्यातील यंत्रे वस्तू उचलतातच की!" उचलतात खरी, परंतु वस्तू ठरल्या जागी, ठरल्या आकाराची हवी. आमच्या यांत्रिक हाताने पहिल्या वर्षी चहाचे कागदी पेले किती चुरगळले, याची नोंद प्रबंधात केलेली नाही!

माणसाच्या एका तळहातात व बोटांत मिळून सुमारे १७,००० स्पर्शतंतू आहेत. स्वीडनमधील योहान्सन व वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये दाखविले की, चिमटीतील वस्तू किंचित निसटू लागताच पकड सुमारे ७० सहस्रांश सेकंदांत आपोआप घट्ट होते. विचारास सवडच मिळत नाही. पेला आपण जरुरीपेक्षा थोडाच अधिक आवळतो, तो या बळावर.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे २००९ मध्ये 'टॅकटिप' नावाचे कृत्रिम बोट पुढे आले. मऊ, घुमटाकार त्वचा. तिच्या आतल्या अंगास, आपल्या कातडीखालील उंचवट्यांच्या धर्तीवर, बारीक खुंट्या. स्पर्श होताच खुंट्या कलतात आणि आतील कॅमेरा ते टिपतो. आमचे बोट त्याच वंशातले.

आता थोडे विषयांतर. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांना एक गंजलेले कुलूप उघडेना. एका लहानग्या कुष्ठरुग्णाने किल्ली सहज फिरविली. पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले, आणि त्याला पत्ताच नाही! कुष्ठरोगात बोटे झडतात ती संवेदना गेल्याने होणाऱ्या अशाच नकळत इजांमुळे, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. पेले चुरगळणारा आमचा हात आणि ते मूल यांची अडचण एकच.

पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी दाब ओळखणारे हातमोजे करून पाहिले. इशारा मिळे, पण दुखत नसे. रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करीत. प्रयोग सोडून द्यावा लागला.

हात गमावलेल्यांच्या कृत्रिम हातास हे बोट जोडावे, ही आमची इच्छा. निसटती वस्तू त्याला कळते. परंतु ते कळणे त्या माणसापर्यंत स्पर्श म्हणून कसे पोहोचवावे, येथे आमचे शेवटचे प्रकरण अडले आहे.

बोट सोबत आणले आहे. सभेनंतर जरूर हाताळावे. मुलांनी मात्र नखे लावू नयेत, त्वचा पातळ आहे.