जिवाणूंचा दिवा आणि विषाची परीक्षा

म्हसावदच्या शिवारात कापूस, पपई, केळी पिकवणाऱ्यांना फवारणीच्या औषधाचा डबा काही नवा नाही. त्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हे गुरुजी, तुम्ही मुलांना सांगतच असाल. पण हा रंग ठरवला कुणी? प्रयोगशाळेतल्या उंदरांनी, आपला जीव देऊन!

1927 साली इंग्लंडमधील ट्रेव्हन यांनी विषाचे एक माप सुचवले. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा म्हणजे ते माप. तोंडावाटे दिलेली ही मात्रा उंदराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असली की डब्यावर लाल रंग. 5000 च्या वर गेली की हिरवा.

मग प्राणी न मारता विष ओळखताच येणार नाही का? काही अंशी येते. समुद्रात अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी नावाचे जिवाणू असतात. ते काजव्यासारखे स्वतःच्या उजेडाने चमकतात. पेशीचा कारभार सुरळीत चालला, तरच हा दिवा नीट तेवतो. सुकवून ठेवलेले हे जिवाणू मिठाच्या पाण्यात जागे करतात आणि त्यांचा उजेड यंत्राने मोजतात. मग त्यांत तपासायचे पाणी मिसळून 5, 15 किंवा 30 मिनिटांनी पुन्हा मोजतात. उजेड जितका मंदावला, तितके विष कडक. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ही पद्धत पुढे आली. आज कारखान्यांचे सांडपाणी तपासण्यासाठी तिचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

पण मंडळी, इथे घाई करून चालायचे नाही. पुष्कळशी कीटकनाशके मज्जातंतूंवर घाला घालतात; जिवाणूला मज्जातंतूच नाहीत. काही द्रव्ये यकृतात गेल्यावर विषारी होतात. जिवाणूला यकृत कुठले? म्हणून दिवा विझला नाही, एवढ्यावरून पाणी पिण्याजोगे ठरत नाही. ही परीक्षा म्हणजे चाळणी आहे, शेवटचा निवाडा नव्हे. मात्र चाळणीतच जे जहाल ठरले, त्यासाठी पुढे प्राणी मारायला नकोत. हा लाभ लहान नाही.

प्राण्यांऐवजी दुसरा उपाय शोधा, त्यांची संख्या घटवा, वेदना कमी करा, असे रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 साली सांगितले. आपल्याकडे 2014 साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद झाली. 2023 साली नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांविना करायच्या चाचण्यांना जागा मिळाली. डब्यावरचा रंग मात्र अजून उंदरांच्याच मरणातून येतो.

तेव्हा उद्या डबा हाती घ्याल, तेव्हा आधी तो रंग पाहा. हातमोजे घाला, नाकातोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका. रिकामा डबा नदीनाल्यात धुऊ नका. मुक्या जिवांनी प्राण देऊन लिहिलेली ती सूचना आहे. ती न वाचता आपण डबा उघडला, तर त्यांचे मरण फुकट गेले, आणि धोका आपल्या घरात आला.