मोबाईलमधील वही कोण तपासणार?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. दहावीच्या वर्गाला इतिहास शिकविणारा साधा शिक्षक आहे. तरीही मनाच्या आजारावरील मोबाईल ॲपविषयी बोलावयास उभा राहिलो, त्यास एक प्रसंग कारण झाला.

गेल्या वर्षी एक पालक मोबाईल हातात घेऊन तणतणत शाळेत आले. घरात सर्वांमिळून तो एकच मोबाईल. त्यांच्या मुलीने त्यात असले एक ॲप घेतले होते व रोज रात्री ती त्यात लिहीत असे. झोप येत नाही, छातीत धडधडते, पुस्तक उघडवत नाही. एकवीस दिवसांची नोंद होती. वडील म्हणाले, "सर, पोरीला वेड लागलं की काय? आणि घरातलं हे बाहेर कोणाला सांगते ही? उद्या हिचं स्थळ कसं जमायचं?" माझ्यासमोरच त्यांनी ते ॲप काढून टाकले. पुढे त्रास वाढला आणि मुलीला डॉक्टरांकडे न्यावे लागले. डॉक्टरांनी प्रथम विचारले, "हे कधीपासून होतंय?" नेमके तेच कोणाला सांगता येईना.

वडिलांची भीती अगदीच खुळी होती असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत बेटरहेल्प नावाची समुपदेशन पुरविणारी कंपनी आहे. ग्राहकांची खाजगी माहिती तिने जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२३ साली तडजोडीत कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा ॲप कोणाचे, लिहिलेले कोठे जाते, हे पाहिलेच पाहिजे.

डॉक्टर मंडळीही बिचकतात. रुग्णाने रात्री दोन वाजता काही भयंकर लिहिले आणि डॉक्टरांनी ते चार दिवसांनी वाचले, तर जबाबदारी कोणाची? शिवाय बाजारात ॲप उदंड, पारखलेली थोडी. जर्मनीने यावर २०१९ साली कायदा केला. २०२० पासून तेथे तपासलेली ॲप डॉक्टर औषधासारखी लिहून देतात व खर्च विमा सोसतो. चिंतारोगावरील 'वेलिब्रा' हे त्यांतील पहिल्यांपैकी एक. तरीही तेथील सगळेच डॉक्टर ती लिहून देतात असे नाही.

आणि रुग्ण? अशा ९३ ॲपची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. महिन्यानंतर ॲप उघडणारे सर्वसाधारणपणे शंभरात तीन-चारच उरतात, असे तीत आढळले. मला याचे नवल वाटले नाही. वही तपासणारे कोणी नसेल तर गृहपाठ किती दिवस होतो, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगावयास नको! जेथे कोणी माणूस अधूनमधून विचारपूस करतो, तेथे लोक अधिक टिकतात, असे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तो मोबाईल बरोबर न्या आणि "हे बघाल का?" असे विचारा. ते नको म्हणाले तर तसे सांगतील.

पैशाची अडचण असेल तर केंद्र सरकारची 'टेलि मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलता येते. २०२४ साली तिचे ॲपही निघाले. विद्यार्थी मित्रांनो, हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जीव नकोसा झाला तर ॲपमध्ये लिहीत बसू नका, त्याच क्षणी घरातल्या माणसाला उठवा किंवा फोन करा.

त्या मुलीने ॲप पुन्हा घेतले नाही. आता ती साध्या वहीत लिहिते. डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशी वडील ती वही आठवणीने पिशवीत ठेवतात. "उघडून बघत नाही हं, सर," असे परवाच मला म्हणाले.