नियमाची जागा टेबलात



या सभागृहातल्या बहुतेकांचा दिवस ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस यांपैकी एकासमोर जातो आणि आपण जमलो की पहिला प्रश्न हाच निघतो: यांतला घ्यायचा कुठला? किंमत, वेग, सपोर्ट, जाणकार माणसे मिळतात की नाही, या कसोट्या खऱ्याच आहेत. पण त्यांच्याआधी एक कसोटी लावायला हवी आणि आजचे भाषण तेवढ्यासाठीच आहे. माहितीबद्दलचा नियम डेटाबेसमध्येच लिहिता येतो का, डेटाबेस तो स्वतः पाळून घेतो का, आणि आपण रोज वापरतो ती साधने तो नियम जपतात की मोडायची सोय करून देतात, हे आधी पाहावे. नियम कर्मचाऱ्याच्या लक्षात, ॲप्लिकेशनच्या एखाद्या स्क्रीनमध्ये किंवा परिपत्रकात राहिला, तर तो कधी ना कधी सुटतो, असे माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नवे शतक उजाडताना कारभाराचे संगणकीकरण केले, नागरी सुविधा केंद्रे सुरू केली आणि पुढे राज्य शासनाने हाच नमुना इतर महापालिका-नगरपालिकांत नेला. त्या कामाचा या परिसराला अभिमान वाटावा, मलाही वाटतो. त्याच महापालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींचे प्रकरण घडले. महापालिकेच्या बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे सादर करून या इमारतींची नोंदणी मिळवली गेली. त्या नोंदणीच्या भरवशावर लोकांनी घरे घेतली, कर्जे काढली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचा आदेश दिला. गुन्हा बनावट कागद करणाऱ्यांचा आहे, यात शंका नाही. पण आपल्या व्यवसायाच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? परवानगीचा क्रमांक ज्या कार्यालयात जन्माला येतो ते एक, आणि ज्या कार्यालयात तो पुरावा म्हणून स्वीकारला जातो ते दुसरे. दुसऱ्याकडे तो क्रमांक स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरे म्हणून आला. पहिल्याच्या टेबलात ती रांग आहे का, हे विचारल्याशिवाय नोंद होऊच नये, असे बंधन कुठेही नव्हते. एकाच डेटाबेसमध्ये याला आपण फॉरेन की म्हणतो आणि नवख्या मुलालाही ती पहिल्या महिन्यात शिकवतो. दोन कार्यालयांच्या मध्ये मात्र तिची जागा विश्वासाने घेतली. पुढे महारेराने प्रमाणपत्रे नियोजन प्राधिकरणाकडून ईमेलवर पडताळून घ्यायला सुरुवात केली. ही सुधारणा आहेच. तरीही ईमेल उघडणारा माणूस रजेवर गेला की पडताळणीही रजेवर जाते.

नियम माहितीसोबतच राहावा, हा विचार नवा नाही. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले. माहिती कशी साठवली आहे याच्याशी वापरणाऱ्याला देणेघेणे नसावे, हा त्यातला गाभा सर्वांना माहीत आहे. माहितीची सुसंगती हाही त्याच निबंधातला विषय होता, ही बाजू आपण पटकन विसरतो. उत्पादन निवडताना ती विसरली की काय होते, हे मायएसक्यूएलच्या इतिहासात दिसते. २०१० मध्ये ५.५ आवृत्ती येईपर्यंत त्याचे डीफॉल्ट इंजिन मायआयसॅम होते; फॉरेन की लिहिली तर ते ती निमूट वाचायचे आणि सोडून द्यायचे. चेक कन्स्ट्रेंटचेही तसेच. २०१९ मध्ये ८.०.१६ आवृत्ती येईपर्यंत 'रक्कम शून्यापेक्षा कमी नसावी' असे टेबलाच्या व्याख्येत लिहिले, तरी चूक दाखवली जात नसे आणि उणे रक्कमही आत जाई. नियम लिहिला म्हणून अभियंता निर्धास्त आणि नियम पाळला जात नाही, ही स्थिती नियम नसण्यापेक्षा वाईट. आजचे मायएसक्यूएल तसे नाही, हे स्पष्ट सांगतो. पण त्या काळात उभ्या राहिलेल्या प्रणाली अजून चालू आहेत आणि त्यांतला डेटा नव्या आवृत्तीत जसाच्या तसा आलेला असतो.

नियम नेमका कसा मांडायचा, हे पाहायला आता कल्याण-डोंबिवलीलगतच्या आपल्या २७ गावांकडे या. ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. गावाच्या टेबलात 'प्राधिकरण' असा एकच कॉलम ठेवला आणि प्रत्येक बदलाला त्यावर नवी किंमत लिहिली, तर २००८ ची घरपट्टीची पावती कुणी दिली हे त्या टेबलातून कधीच कळणार नाही. म्हणून प्राधिकरणाचे वेगळे टेबल हवे: गाव, प्राधिकरण, कधीपासून, कधीपर्यंत. एवढ्यावरही भागत नाही. महापालिकेबाहेर असताना या गावांत कर ग्रामपंचायतीकडे आणि बांधकामाचे नियोजन एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), म्हणजे एका गावावर एकाच वेळी दोन प्राधिकरणे, दोन वेगळ्या अधिकारांनी. म्हणून 'एका गावाला एका वेळी एकच प्राधिकरण' हा वरवर शहाणा वाटणारा नियम चुकीचा ठरतो. खरा नियम असा: एका गावासाठी, एकाच प्रकारच्या अधिकाराचे दोन कालखंड एकमेकांवर येऊ नयेत. पोस्टग्रेसमध्ये तारखांची रेंज आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट वापरून, बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन बसवून, हा नियम चार ओळींत लिहिता येतो. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत तर तो थेट प्रायमरी कीमध्येच मांडता येतो. जिथे अशी सोय नाही तिथे ट्रिगर लिहावा लागतो. दोन ट्रान्झॅक्शन एकाच क्षणी आली की लॉकचा विचार न केलेला ट्रिगर फसतो. तुलनेच्या तक्त्यात हा फरक क्वचितच दिसतो, पण अशा परिसरासाठी उत्पादन निवडताना मी त्याला वेगापेक्षा जास्त वजन देईन. न्यायालयाने रद्द केलेल्या निर्णयाची नोंद तर आणखी एक गोष्ट मागते: गोष्ट केव्हा लागू होती आणि आपल्याला केव्हा ठाऊक झाली, हे दोन काळ वेगळे ठेवावे लागतात. एसक्यूएल सर्व्हरने २०१६ मध्ये आणि मारियाडीबीने १०.३ आवृत्तीत रांगेचा इतिहास आपोआप जपणारी टेबले आणली, ती यातल्या दुसऱ्या काळासाठी.

यावर आक्षेप येतात आणि ते अनुभवी लोकांकडून येतात. पहिला म्हणजे तपासणी ॲप्लिकेशन करतेच, मग दोनदा कशाला? कारण ॲप्लिकेशन एक नसते. आधी खिडकीवरचा प्रोग्राम आला, मग वेबसाइट, मग मोबाइल ॲप. कंत्राट संपले की पुढचा पुरवठादार ते नव्याने लिहितो. डेटा तोच राहतो. प्रत्येक नव्या प्रोग्रामने जुने सगळे नियम आठवणीने पुन्हा लिहावेत, ही अपेक्षा फोल आहे. दुसरा आक्षेप वेगाचा. रांग घालताना तपासणीला वेळ लागतो, हे मान्य. मोठी आयात करताना तो जाणवतोही. पण वाचताना तोच नियम मदतीला येतो. विश्वासार्ह फॉरेन की असेल तर एसक्यूएल सर्व्हर गरज नसलेला जॉइन वगळू शकतो; कन्स्ट्रेंट 'नोचेक' देऊन लावले असेल तर ते अविश्वसनीय समजून तो ही सवलत घेत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: जुना डेटा इतका मळलेला आहे की नियम लावायला गेलो तर काहीच बसत नाही. त्यावर उपाय आहे. पोस्टग्रेसमध्ये कन्स्ट्रेंट 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावता येते, ओरॅकलमध्ये 'नोव्हॅलिडेट' म्हणून. आजपासून येणारी प्रत्येक रांग तपासली जाते, जुनी घाण सवडीने साफ करता येते. उरला विक्रेत्याच्या जाळ्यात अडकण्याचा धोका. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. प्रायमरी की, फॉरेन की, युनिक, चेक हे एसक्यूएलच्या मानकातले आहेत, ते कुठेही नेता येतात. अडकवतात त्या हजारो ओळींच्या स्टोअर्ड प्रोसिजर. व्यवसायाची सगळी रीत डेटाबेसमध्ये कोंबा, असे मी म्हणत नाही.

साधनांकडे आपण सोय म्हणून पाहतो. मला ती नियमांच्या बाजूने किंवा विरुद्ध उभी असलेली दिसतात. पीएचपीमायॲडमिनमध्ये आयात करताना फॉरेन की तपासणीचा एक चौकोन असतो आणि चूक आली की तो काढून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग. मायएसक्यूएलमध्ये ही तपासणी बंद करून पुन्हा चालू केली, तरी मधल्या वेळेत आलेल्या रांगा मागे वळून तपासल्या जात नाहीत. म्हणजे अनाथ रांगा कायमच्या आत. डीबीव्हर किंवा टोडमध्ये खान्यात जाऊन थेट किंमत बदलणे पाच सेकंदांचे काम आहे, पण नीट ऑडिट ठेवलेले नसेल तर तो बदल का आणि कुणाच्या सांगण्यावरून झाला, हे मागे उरत नाही. म्हणून चालू प्रणालीवरचा प्रत्येक बदल स्क्रिप्टने व्हावा आणि ती स्क्रिप्ट गिटमध्ये राहावी, असा माझा आग्रह आहे. बॅकअपचेही हेच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसली. पोस्टग्रेस सर्व्हर ९.६ आवृत्तीचा होता आणि पीजीडम्प हे बॅकअपचे साधन ९.२ चे चालत होते, त्यामुळे बॅकअप बनतच नव्हते. अपयशाच्या सूचनांचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्या कंपनीने सगळी हकिगत जाहीर केली, म्हणून आपण तिच्यातून शिकू शकतो. आपल्या भागातल्या किती पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था आणि रुग्णालयांनी गेल्या वर्षभरात बॅकअप परत उतरवून पाहिला असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

लहान संस्थेला हे परवडत नाही, असे म्हटले जाते. पोस्टग्रेसला परवान्याचा खर्च नाही, पीजीॲडमिन आणि डीबीव्हरची मोफत आवृत्ती उपलब्ध आहे. खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा, आणि तो निविदेत धरलेला नसतो. म्हणून या परिषदेने एक ठराव करावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या महापालिकांनी व सहकारी संस्थांनी संगणक प्रणालीच्या निविदेत तीन अटी घालाव्यात. टेबलांची व्याख्या कन्स्ट्रेंटसह संस्थेच्या ताब्यात द्यावी. दर तिमाहीला वेगळ्या मशीनवर बॅकअप उतरवून दाखवावा. आणि दुसऱ्या कार्यालयाचा परवानगी क्रमांक स्वीकारण्याआधी तो त्या कार्यालयाच्या प्रणालीत प्रोग्रामनेच तपासला जावा. मसुदा लिहायला पाच जणांची समिती पुरेल. दुपारच्या सत्रात नावे द्यावीत.