वेतनी गुरु : चंद्रकांत पंडित

गोरेगाव म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे उपनगर उभे राहते. परंतु याच महाराष्ट्रात दुसरेही एक गोरेगाव आहे. गोंदिया जिल्ह्यात, विदर्भाच्या अगदी पूर्व टोकाला, धानाच्या मुलखात वसलेले ते तालुक्याचे गाव. कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या की तेथील मुले तीन काटक्या रोवून क्रिकेटचा डाव मांडतात. मुंबईच्या गोरेगावातील मुलाला आगगाडीने दादर गाठून शिवाजी पार्कचे मैदान पाहता येते. या गोरेगावच्या मुलाला नागपूरसुद्धा दूर. आणि नागपूर गाठले तरी पुढे काय होते? विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकाच्या सामन्यांत उतरत असे. पण साठ वर्षे त्याला अंतिम सामन्याचे दर्शनही घडले नव्हते.

हे चित्र ज्यांच्या हाताखाली पालटले ते गृहस्थ विदर्भाचे नव्हते. ते मुंबईचे होते आणि ठरलेल्या वेतनावर आले होते. त्यांचे नाव चंद्रकांत सीताराम पंडित. गुरूने वेतन घ्यावे की नाही, हा आपल्याकडील फार जुना वाद आहे. जो आज एका गावी शिकवतो आणि उद्या जास्त मान मिळेल तेथे जातो, त्याची निष्ठा ती कोणती, असे आपण सहज विचारतो. श्री. पंडित यांचे चरित्र या प्रश्नाच्या कसोटीवर लावून पाहण्याजोगे आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ लोकप्रिय आहे, त्यात संघाच्या सूत्रधाराला मॅनेजर म्हणतात. खेळाडू निवडावा कोणता, बसवावा कोणता, हे सारे त्याच्या हाती. कॉनी मॅक या नावाच्या गृहस्थांनी फिलाडेल्फियाच्या संघाचे हे काम १९०१ पासून १९५० पर्यंत, म्हणजे सलग पन्नास वर्षे केले. त्यांच्या नावावर ३७३१ विजय आहेत, आणि पराजय त्याहूनही अधिक, ३९४८. इतके पराजय सोसूनही ते जागेवर राहिले याचे एक कारण असे की, संघाच्या मालकीत त्यांचा स्वतःचा वाटा होता. मालकालाच घरी कोण पाठवणार? श्री. पंडित यांना हे भाग्य लाभलेले नाही. दोघांत साम्य आहे ते वेगळेच. मॅक तरुणपणी फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलीत. पंडित यष्टिरक्षक होते. त्या जागेवरच्या माणसाला सारे मैदान समोरून दिसते आणि प्रत्येक चेंडूला उठावे-बसावे लागते. सूत्रधाराच्या विद्येचा हा उत्तम ओनामा होय.

पंडित यांचा जन्म मुंबईत ३० सप्टेंबर १९६१ रोजी झाला. शिवाजी पार्कवर त्यांना रमाकांत आचरेकर यांच्यासारखे कडक शिस्तीचे गुरु लाभले. १९८६ साली इंग्लंडमध्ये लीड्सच्या मैदानावर ते भारतातर्फे पहिला कसोटी सामना खेळले. पुढे किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक त्याच काळात पुढे असल्याने पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामन्यांपलीकडे त्यांची मजल गेली नाही.

उत्तरवयात ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले व त्या संघाचे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशाला पहिल्या डावात आघाडी मिळाली होती. शेवटचा दिवस नुसता खेळून काढला असता तरी करंडक हाती येत होता. तो दिवस निभावला नाही. गडी एकामागून एक परतले आणि सामना ९६ धावांनी गेला. हातातोंडाशी आलेला घास असा गेल्यावर माणूस एक तर खेळाला पाठ दाखवतो, किंवा उरलेले आयुष्य त्या दिवसाचा हिशेब जुळवण्यात घालवतो. पंडितांनी दुसरा मार्ग धरला.

शिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले. पुन्हा २०१५-१६ मध्ये तिसरा. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून पराभूत झाली. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचणे ही इतर संघांची दिवाळी असते. मुंबईत ते अपयश गणले जाते. त्यांच्या जागी दुसरा शिक्षक नेमण्यात आला. वेतनी माणसाच्या नशिबाची ही दुसरी बाजू होय. त्याला स्वगृही देखील कायमचे घर नसते.

त्याच वर्षी विदर्भाने त्यांना बोलावले. गुणवान मुले तेथे पूर्वीही होती. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव भारतासाठी खेळतच होता. वसीम जाफर यांच्यासारखा अनुभवी मुंबईकर संघात आलेला होता. उणीव होती ती ‘आपण जिंकू शकतो’ या विश्वासाची. हा विश्वास व्याख्यानांनी येत नाही. वेळेवर येणे, वेळेवर झोपणे, झेल सुटला तर तोच झेल शंभर वेळा घेणे, अशा क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टींतून तो अंगी मुरतो. पंडितांची शिस्त लष्करी छावणीची म्हणून प्रसिद्ध आहे, ती याच कामी आली.

डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्यास उपांत्य सामन्यात विदर्भाने बलाढ्य कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानी याने त्या सामन्यात बारा बळी टिपले. अंतिम सामना दिल्लीशी, आणि मैदान तेच इंदूरचे! गुरबानीने तीन चेंडूंत तीन बळी घेतले, अक्षय वाडकर याने १३३ धावा केल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजल याच्या संघाने नऊ गडी राखून विजय मिळवला. ज्या मैदानाने वर्षापूर्वी नोकरी घालवली, त्याच मैदानाने पुढचे यश दिले. दुसऱ्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून विदर्भाने करंडक राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटे याने अकरा गडी बाद केले.

यानंतर, २०२० साली, ते मध्य प्रदेशाकडे गेले. जून २०२२ मध्ये अंतिम सामना ठरला तो बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर, आणि समोर होती मुंबई! मध्य प्रदेशाने सहा गडी राखून सामना जिंकला. तेवीस वर्षांपूर्वी ज्या मैदानावरून कर्णधार म्हणून रिकाम्या हाताने परतले, तेथेच श्री. पंडित यांना अश्रू आवरेनात.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते टाळून चालणार नाही. कोलकात्याच्या व्यावसायिक संघाचे शिक्षकपद त्यांनी २०२२ पासून २०२५ पर्यंत सांभाळले. २०२४ मध्ये तो संघ विजेता झाला, तरी त्यांची करडी शिस्त काही परदेशी खेळाडूंना जाचक वाटल्याचे उघड बोलले गेले. हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. बांधीत पाणी कोंडून ठेवावे लागते तसे ते वेळीच सोडावेही लागते. गावाकडून आलेल्या कोवळ्या मुलाला जे बंधन आधार वाटते, तेच जग पाहिलेल्या प्रौढाला काचते.

परंतु मूळ प्रश्नाचे उत्तर विदर्भानेच दिले आहे. पंडित गेल्यावर सारे पुन्हा पूर्वपदावर येईल, असे भाकीत करणारे थोडे नव्हते. २ मार्च २०२५ रोजी नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. शिक्षक होते विदर्भाचेच उस्मान घनी, आणि कर्णधार होता इंदूरच्या सामन्यात १३३ धावा करणारा अक्षय वाडकर. त्याच हंगामाच्या उपांत्य सामन्यात त्यांनी मुंबईलाही नमवले होते.

वेतन घेणाऱ्या गुरूची निष्ठा कोणती, हे त्याच्या निरोप-समारंभात कळत नाही. तो गेल्यानंतर पाच वर्षांनी त्याच्या शिष्यांच्या वागणुकीत ती वाचावी लागते. शिकवलेले जर मागे राहिले, तर दिलेला पगार फिटला असे समजावे. गोंदियाकडच्या गोरेगावात बांधीत काटक्या रोवणाऱ्या मुलाला पंडितांचे नाव कदाचित ठाऊकही नसेल. मात्र आपल्या विदर्भाचा संघ करंडक जिंकू शकतो, यात त्याला आज काही नवल वाटत नाही. त्याच्या आजोबांना ते स्वप्नातही खरे वाटले नसते.