विजेची सायकल : घरी जोडावी की तयार घ्यावी?

जुन्या सायकलला मोटर बसवावी, की विजेवरची सायकल तयारच घ्यावी?

जोडणीच्या किटमध्ये हबमोटरचं चाक, कंट्रोलर, थ्रॉटल आणि मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर मिळतात. सायकल मजबूत असेल आणि हाताला पान्याची सवय असेल, तर जोडणी स्वस्त पडते. शिवाय बिघडलेला भाग आपणच बदलू शकतो. मात्र आधी चाक धरणारा चिमटा तपासा. मोटर जोर लावते तेव्हा तिचा आस उलट दिशेने फिरू पाहतो. नट सैल असेल तर आस खाचेत फिरतो आणि वायर पिळून तुटते. म्हणून आसाला फिरू न देणारा टॉर्क आर्म हवाच, आणि ब्रेकही दमदार हवेत.

खरी जोखीम बॅटरीत आहे. सुटे लिथियम सेल घरी डाग देऊन जोडू नका. संरक्षक सर्किट असलेला तयार पॅक आणि त्याचाच चार्जर घ्या. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये 360 वॅट-तास ऊर्जा मावते. किलोमीटरला 12 वॅट-तास धरले, तर 30 किलोमीटर जाता येतं.

तयार सायकल महाग, पण फ्रेम, ब्रेक आणि बॅटरी एकमेकांना साजेशी असतात, वॉरंटीही मिळते.

दोन्हींत एक नियम लक्षात ठेवा : मोटर 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. त्यापुढे नोंदणी आणि परवाना आला.

थोडक्यात, हौस आणि हत्यारं असतील तर जोडा. रोज वेळेवर कामावर पोचायचं असेल, तर तयारच घ्या.