पडद्यावरचं शरीर कुणाचं?

(मुळशी तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



१९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे मुलींना नर्सिंगकडे वळवलं, तेव्हा घरच्यांचं मन वळवणं हीच मोठी लढाई होती. आज आपल्या मुळशीत, लवळ्याला, २०२० पासून खास मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या मुली नर्सिंगला जातात. लढाई आता वर्गात आहे.

नर्सिंगच्या पहिल्याच सत्रात शरीररचना शिकावी लागते. मराठी शाळेतून आलेली, प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलेली मुलगी इंग्रजी नावांच्या ढिगापुढे गप्प होते. तिला संगणकावरचं शरीर खरंच उपयोगी पडतं. कातडी, स्नायू, हाडं असे थर एकेक करून बाजूला सारता येतात. मूत्राशयाच्या मागे गर्भाशय कसं बसलंय, ते फिरवून बघता येतं. तेही एकटीने, दहा वेळा, कुणी हसेल ही भीती नसताना.

पण हे शरीर कुणाचं, हे विचारायला हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये पुरुषाच्या संपूर्ण देहाचे काप संगणकावर आणले. बाईचा नंबर १९९५ मध्ये लागला. तिचे काप तिप्पट बारीक होते, पण ती ५९ वर्षांची होती. म्हणजे पाळी गेलेल्या वयाचं गर्भाशय. आपल्या मुलींना बाळंतपणं करायची आहेत ती विशी-पंचविशीतल्या बायकांची! आणि शिश्निका बाहेर दिसते त्याहून कितीतरी मोठी असते, हे हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये दाखवूनही कित्येक चित्रांत ती ठिपक्याएवढीच राहिली.

शिवाय पडद्याला दुखत नाही, तो लाजत नाही. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं ओळखणं आणि हात ठेवण्याआधी बाईला विचारणं, हे माणसाजवळच शिकावं लागतं.

म्हणून कॉलेजांकडे आपण मागूया: इंग्रजीसोबत मराठी नावं, वेगवेगळ्या वयांच्या बायकांची शरीरं, आणि वसतिगृहातल्या मुलींना संध्याकाळीही यंत्र खुलं. शिकलेल्या मुलींनाही एक मागणं आहे. सुट्टीत गावी याल तेव्हा आपल्या बचतगटात बसा, आणि जे पाहिलंत ते आईला, काकूला, वहिनीला सांगा. आपल्या शरीराची माहिती परीक्षेच्या कागदावरच राहिली, तर ती अजून आपली झाली नाही.